हिवराजभाऊंचं कुरियर

हिवराजभाऊ कुणाच्याही हातात पार्सल देण्याआधी त्या घरचं पाणी मागत. तहान लागलेली असो वा नसो. जानेवारीत आमच्या देवरीच्या जंगलपट्ट्यात सकाळी बोटं वाकत नाहीत, तेव्हाही हा माणूस दारात गाडी उभी करून म्हणायचा, "माय, थोडं पाणी आणजो बरं." पाणी आलं की दोन घोट घ्यायचा, लोटा परत द्यायचा आणि मगच पाठीवरच्या पिशवीची चेन उघडायचा. दिवसाला वीस-पंचवीस घरं करणाऱ्या माणसाने असं केल्यावर जे व्हायचं तेच व्हायचं. दर दोन-तीन गावांनंतर त्यांची मोटारसायकल एखाद्या पळसाच्या आडोशाला उभी दिसे. मी त्यावरून त्यांची पुष्कळ थट्टा केली. ते हसत नसत, रागावतही नसत.

या पाण्यामागचं कारण मला कळलं ते एका रोवणीच्या दिवसांत. मला त्या बाजूला एका दाखल्याच्या कामासाठी जायचं होतं, म्हणून मी त्यांच्या मागे बसलो. पिशवी त्यांच्या पाठीवर, पिशवीमागे मी, आणि खाली गुडघाभर चिखल. माझी चिडचिड चाललेली. गावात पोचलो तर गावात चिटपाखरू नाही, सगळे बांध्यांमध्ये धान रोवायला गेलेले. ज्या घरचं पार्सल होतं त्या घराच्या ओट्यावर एक तरणाताठा गडी पाय सोडून बसला होता. म्हणाला, "द्या, माझंच आहे." हिवराजभाऊंनी पाणी मागितलं. गडी उठला, ओट्यावरून उतरला आणि शेजारच्या घरात शिरून तिथून पाणी घेऊन आला. हिवराजभाऊ ते पाणी प्यायले, लोटा परत दिला, "संध्याकाळी येतो" म्हणाले आणि गाडीला किक मारली.

वाटेत मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ज्याचं घर, तो आपल्या माठाकडं जाते. दुसऱ्याच्या घरातला लोटा उचलताना माणूस एकदा तरी मागं पायते. मी तेच पायतो. आधारकार्ड कायले पाहू? त्यातला फोटो तं त्यालेच ओळखू येत नाही."

कुरियरच्या आधी हिवराजभाऊ देवरी-चिचगड रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवत. जीपच्या टपावर त्या भागातल्या लोकांचा अर्धा संसार फिरे. कुणाचं औषध, कुणाच्या लग्नपत्रिका, माहेरून आलेले मोहाचे लाडू, दवाखान्यात पडलेल्या माणसाचा डबा, सगळं हिवराजच्या जीपवर टाकलं की पोचलं असं लोक धरून चालत. त्या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. मग घरोघरी मोटारसायकली आल्या, जीप रिकामी धावू लागली, आणि लॉकडाऊननंतर ती त्यांच्या अंगणात जी उभी राहिली ती राहिलीच. दुर्गा लहान असतानाच त्यांची बायको गेली होती. दुर्गा ही त्यांची एकुलती मुलगी. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा हाच माणूस घालून देई आणि मग जीपला स्टार्टर मारी.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. एका सकाळी हिवराजभाऊ आले आणि दुकानाची अर्धी बाजू मागू लागले. म्हणाले, "वसंता, मी कुरियर काढून राहिलो." मी त्यांना वेड्यात काढलं. म्हटलं, भाऊ, पन्नाशी उलटली तुमची, ते स्कॅनर, ते ॲप, तुम्हाला जमणार आहे का? तर म्हणाले, "मी आतापावतो काय करून राहिलो होतो मंग? तेच तं करत होतो. आता फक्त कंपनीची टोपी घालाची."

जीप विकली, तिच्यात मोटारसायकल आणि कंपनीचं डिपॉझिट भागलं. लोखंडी रॅक आले, वजनकाटा आला, पेंटरने निळ्या अक्षरांत पाटी रंगवली. उद्‌घाटनाला नारळ मीच फोडला. पहिल्या दिवशी आलेलं पहिलं पार्सल एका आजीबाईंच्या गुडघ्याच्या पट्ट्याचं होतं, आणि हिवराजभाऊ ते असं दोन्ही हातांवर घेऊन निघाले की रस्त्यातल्या एकाने विचारलं, देवीला साडी घेऊन चालले का. काम जमलं, खरंच जमलं. पत्ता पाहायचीही त्यांना गरज पडत नसे. नुसतं नाव वाचून ते सांगत की हा या नावाचा दुसरा, पहिला सालेकशाकडे राहायला गेला, आणि याची आई सध्या आजारी आहे. कंपनीचा नागपूरचा साहेब फोनवर सारखा "जल्दी करो, भाऊ, टाइम पे क्लोज करो" म्हणे. हे फोन खाली ठेवून म्हणत, "घाई त्याले आहे, सामानाले नाही."

एक अडचण मात्र होती, आणि तिच्यावरचा त्यांचा उपाय त्या वेळी मलाही शहाणपणाचा वाटला. सामान दिलं की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो आकडा कंपनीच्या ॲपमध्ये टाकला की डिलिव्हरी झाली असं धरतात. जंगलातल्या निम्म्या गावांत मोबाइलला रेंजच नाही. कुणी तलावाच्या पाळीवर जाऊन उभं राहतं, कुणी शाळेच्या गच्चीवर चढतं. हिवराजभाऊंनी सगळ्यांना सांगून टाकलं, "माझाच नंबर टाका." मग काय, पंधरा गावांचे ओटीपी त्यांच्या एकट्याच्या खिशात वाजू लागले. सामान देऊन रेंजमध्ये आले की ते एकेक आकडा टाकत. लोक पैसेही त्यांच्याकडेच आणून देत आणि म्हणत, भाऊ, तुम्हीच मागवा. त्यामुळे कंपनीच्या आकड्याला काही अर्थ उरला नव्हता. खरी तपासणी होती ती पाण्याचीच.

दोन वर्षांत बरं चाललं आणि त्यांनी दुर्गाचं लग्न केलं. बोरटोल्याचं घर. धानाची चांगली शेती, दारात ट्रॅक्टर, मुलगा मुकेश दिसायला नीटनेटका. समधी, म्हणजे मुकेशचे वडील, गावात मान असलेला माणूस. लग्नात हिवराजभाऊ रडले नाहीत, पण मंडप सुटल्यावर दोन दिवस दुकानात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि रॅक पुसत बसले.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. जुन्या वळणाचा बाप मुलीच्या सासरी पाणी पीत नाही, तिला मूल होईपर्यंत. मुलगी दिली त्या घराचं काही घ्यायचं नाही, एवढाच तिचा अर्थ. हल्लीची माणसं चहा-नाश्ता सगळं करतात. हिवराजभाऊ पाळत. बोरटोल्यात ते घरोघरी पाणी प्यायचे, पण समध्यांच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नसत. टाकलं की कुणीतरी लोटा घेऊन येणार आणि नाही म्हणावं लागणार. म्हणून मुलीलाही ते फाटकाबाहेर उभं राहूनच भेटत. ती पदराला हात पुसत बाहेर येई, दोन शब्द बोले आणि हे गाडी वळवत.

दुर्गाची नणंद पायल पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे डांबरी रस्त्यावर धावायची आणि दुपारी देवरीला शिवणाच्या कामाला यायची. त्या कामाच्या पैशांतून तिने एक मोबाइल घ्यायचं ठरवलं. भरतीचे तास मोबाइलवर उतरवून घेता येतात, मग गावात रेंज नसली तरी पाहता येतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पैसे तिने हिवराजभाऊंच्या हातात दिले. त्यांनी मागवला, नेहमीप्रमाणे स्वतःच्याच नंबरावर. माझ्यादेखत तिला म्हणाले, "बाई, ठाणेदार झालीस का आमची गाडी अडवू नको मंग." पोरगी खूप हसली.

मोबाइल आला आणि भाऊ तो घेऊन बोरटोल्याला गेले. फाटकाशी मुकेश उभा होता. "द्या मामाजी, मी देतो तिले," म्हणाला. आणि हिवराजभाऊंनी दिला. पाणी मागितलं नाही, कारण त्या एका घरी त्यांना पाणी मागता येत नव्हतं. मागितलं असतं तरी काय फरक पडला असता? मुकेश काही परका नव्हता, घरचाच होता. जवायाला कोण कशाला तपासणार? ते पुढच्या गावाला निघाले आणि वाटेत रेंज आल्यावर त्यांनी आकडा टाकला.

चार-पाच दिवसांनी पायल दुकानात आली. "मामाजी, माझा मोबाइल आला का?" हिवराजभाऊ पार्सलांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. त्यांचा हात थांबला. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्या माणसाच्या चेहऱ्यावर एका क्षणात सगळं येऊन गेलं आणि मग काहीच उरलं नाही. "येऊन राहिला, बाई," म्हणाले. "रस्त्यात आहे."

ती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, यात लपवायचं काय आहे, मुकेशला फोन लावा. लावला. चार-पाचदा लावल्यावर त्याला रेंज मिळाली. तिकडून मुकेश आधी हसला, मग म्हणाला की मोबाइल गोंदियात विकला, त्याची अडचण होती, आणि मामाजींनी कुठे बोलू नये. शेवटी म्हणाला, "दुर्गाले अठीच, आमच्याच घरात राहाचं आहे ना." फोन स्पीकरवर होता. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. आजही आठवलं की माझी कानशिलं तापतात.

मी त्यांना हरतऱ्हेने सांगितलं. म्हटलं, भाऊ, तुम्ही समध्यांना सांगा, ते मोठे आहेत, पोराला सरळ करतील. नाही तर पायलला तरी सांगा. ते मान हलवत राहिले. "तू बापाच्या जागी नाही, वसंता. पोरगी त्याच्या घरात आहे." मग मी म्हटलं, निदान दुर्गाशी बोला. तर म्हणाले, "तिले कायले त्रास देऊ? तिले यातलं काही माहीत नाही." हे ते इतक्या खात्रीने म्हणाले की मीही गप्प बसलो.

पायल पुन्हा आली, पुन्हा आली, आणि एकदा थेट म्हणाली, "मामाजी, कंपनीच्या नंबरवर मी विचारलं. तठी डिलिव्हरी झाली म्हणून दाखवते." तेव्हा हिवराजभाऊ म्हणाले, "माझ्याच हातून पडला, बाई. रस्त्यात पिशवीची चेन उघडी रायली. मी भरून देतो." पोरगी त्यांच्याकडे पाहतच राहिली. ज्या माणसाच्या जीपच्या टपावरून औषधाची बाटली कधी फुटली नाही, त्याच्या पिशवीतून तिचाच मोबाइल पडावा? तिला ते पटलं नाही, मला पटलं नसतं, कुणालाच पटलं नसतं. हिवराजभाऊंना आयुष्यात एकदाच खोटं बोलायची वेळ आली आणि तेही त्यांना धड बोलता आलं नाही.

तिने तक्रार केली. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. नागपूरहून कंपनीचा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. त्याने आधी त्या एका मोबाइलची चौकशी केली. "डिलिव्हरी मारी है आपने, और बोलते हो गिर गया. तो ओटीपी किसने दिया?" मग त्याने लॅपटॉप उघडला आणि मागच्या सगळ्या डिलिव्हऱ्या पाहू लागला. पंधरा गावं, शेकडो गिऱ्हाइकं, आणि सगळ्यांचा मोबाइल नंबर एकच. त्याचे डोळे मोठे झाले. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ये तो पूरा का पूरा बोगस है." मी त्याला रेंजचं सांगितलं, तलावाची पाळ सांगितली, पाण्याचंही सांगितलं. पाण्याचं ऐकून त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच थांबलो.

त्या दिवशी हिवराजभाऊंनी "मुकेशला दिला" एवढं म्हटलं असतं तर कदाचित अजून काही वाचलं असतं. ते स्टुलावर बसून होते. त्या माणसाने स्कॅनर घेतला, शिल्लक पार्सलं मोजून गाडीत टाकली आणि पाटी उतरवायला सांगून गेला. पाटी मी उतरवली नाही. भाऊंनीच उतरवली, स्टुलावर चढून, पक्कड मागून घेऊन.

पण धंदा गेला हे या गोष्टीतलं मोठं दुःख नव्हे. मोठं दुःख नंतर आलं, दुपारच्या एसटीने. दुर्गा बसमधून उतरली, हातात एक पिशवी, आणि डाव्या गालावर वळ. मी दुकानातून पाहिलं आणि हातातले कागद तसेच टाकून बाहेर आलो. ती माझ्याशी बोलली नाही. रिकाम्या रॅकजवळ बसलेल्या बापासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी पाह्यलं होतं," ती म्हणाली. "मी सैपाकघराच्या खिडकीत होती. तुम्ही त्याले डबी देली, त्याने शर्टाच्या आत टाकली. मी सगळं पाह्यलं."

हिवराजभाऊंनी तिच्या हातातली पिशवी घेऊन रॅकवर ठेवली.

"मी वाट पाहून राहिली होती, आज सांगतील, उद्या सांगतील. घरात सासू म्हणे, बापलेकीनं मिळून खाल्लं. मी म्हटलं, नाही, यांनीच घेतला. तं तो काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तुया बापच सांगून राहिला का रस्त्यात पडला म्हणून. मंग मी कोठून घेतला? अन् सगळ्यांसमोर मारलं. पायलसमोर. कोणी काही बोललं नाही, बाबा. कोण बोलणार? तुम्हीच मले खोटी पाडलं."

भाऊ उठले. चपला घातल्या नाहीत, तसेच मोटारसायकलवर बसले आणि बोरटोल्याला गेले. मी मागे बसलो, न विचारता. त्या दिवशी ते पहिल्यांदा समध्यांच्या फाटकाच्या आत गेले. अंगणात उभं राहून, शेजारपाजारचे जमले असताना, त्यांनी सगळं सांगितलं, काय, कधी, कुणाच्या हातात. मुकेश दारात उभा होता. त्याने शांतपणे विचारलं, "मामाजी, आधी खोटं बोलले का आता बोलून राहिले?" समधी म्हातारा माणूस, तो एकदा पोराकडे आणि एकदा यांच्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, फोनवर मी ऐकलंय. तर मुकेश म्हणाला, "हे दुकानवाले त्यांचेच." पायल भिंतीला टेकून उभी होती. तिला सगळं कळलं होतं असं मला तिच्या चेहऱ्यावरून वाटलं, पण तीही त्याच घरची मुलगी. तिने मान खाली घातली. आम्ही परत निघालो.

दुर्गा पुन्हा बोरटोल्याला गेली नाही. लोकांनी मध्यस्थी केली, बैठका झाल्या, मुकेशच्या बाजूने दोन माणसं येऊन गेली. तिने एकच सांगितलं, त्याने सगळ्यांसमोर मारलं, आता सगळ्यांसमोर खरं बोलावं. तो बोलला नाही. ती आता देवरीतच एका दवाखान्यात कामाला जाते.

हिवराजभाऊंनी पुढचे महिने कसे काढले ते मी रोज पाहत होतो. लोक अजूनही वाटेत अडवून विचारत, "भाऊ, माझं काही आलं का?" ते म्हणत, "बंद केलं." काही जण जाताना एकमेकांकडे पाहून हसत. तो हसण्याचा आवाज त्यांच्या कानावर पडे, आणि ज्या रस्त्याने ते आयुष्यभर फिरले तो रस्ता ते टाळू लागले. बाजाराला जायचं तर मागच्या गल्लीने जात. शेवटी रायपूरला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रक चालवायचं काम त्यांनी धरलं. त्या वयात, इतक्या लांब. मला ते पसंत नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. म्हणाले, "अठी मले कोणी सामान देत नाही, वसंता. तठी मले कोणी ओळखत नाही. तेच बरं."

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात खाट टाकून बसले होते. जीप उभी राहायची त्या जागेवर आता गवत वाढलेलं. दुर्गा उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, यंदाच्या धानाचं, रस्त्याच्या कामाचं. मग हिवराजभाऊ रस्त्याकडे पाहत म्हणाले, "आयुष्यभर साऱ्यांचं सामान बराबर पोचवलं, वसंता. पोरगीच तेवढी चुकीच्या घरी देली."

मी काहीतरी समजुतीचं बोलणार, तेवढ्यात दुर्गाने सूप खाली ठेवलं.

"मी सामान नव्हती, बाबा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मले तोंड होतं. एकदा मले विचारलं असतं का, दुर्गा, काय करू, तं मीच सांगितलं असतं, सांगा म्हणून. मंग मारलं असतं तरी मी खरी रायली असती."

हिवराजभाऊंनी वळून तिच्याकडे पाहिलं. ज्या मुलीसाठी आपण सगळं गिळलं ती आपल्याला कधी नीट दिसलीच नाही, हे त्यांना त्या वेळी कळलं असावं. मला तरी तसं वाटलं.

"हो," ते म्हणाले. "तुले विचारलंच नाही मी."

दुर्गाने पुन्हा सूप उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते रायपूरला गेले.